मनगटावरचा हिरवा दिवा

यंदा हळदीचा हंगाम ऐन भरात होता, तेव्हाची गोष्ट. वसमतच्या मोंढ्यात एका आडतीवर मी हिशेब लिहितो. हंगामात मान वर करायला सवड नसते. अशा घाईत दुकानाच्या दारात कुरिअरवाला उभा राहिला आणि त्यानं माझं नाव पुकारलं. एके काळी मला टपाल येई ते साभार परत आलेल्या कवितांचं. आता तेही येत नाही, कारण संपादक आता कविता परत न करताच नाकारतात. त्यामुळे मी जरा बिचकतच सही केली.

खोका पुण्याहून मुलीनं पाठवला होता. फोनवर म्हणाली, "अब्बू, पन्नाशी उलटली तुमची. आता हे मनगटावर बांधायचं आणि रोज चालायचं. बहाना नक्को." आमच्या घरात दखनी बोलतात. दखनीतला हा 'नक्को' मराठीकडून आलेला आहे, त्यामुळे त्याला दोन भाषांचं बळ असतं. मी निमूटपणे 'बरं' म्हणालो.

बाहेरचं पाकीट फाडलं, आतलं फुग्याफुग्यांचं प्लास्टिक हमालांच्या पोरांनी फोडायला पळवलं, आणि हाती एक चपटा पांढरा खोका राहिला. त्याचं झाकण उचलायला गेलो तर ते सरळ येईना. जरा धरून ठेवलं तेव्हा उसासा टाकल्यासारखं हळूच वर सरकलं. मी ते तीनदा लावून तीनदा उघडलं. दुकानातले लोक हसले, पण यात गंमत आहे. झाकण आणि तळ यांच्यातली फट मुद्दामच अगदी बारीक ठेवलेली असते. झाकण उचलताना तेवढ्याशा फटीतून हवा आत शिरायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ माणूस उत्सुकतेनं वाट पाहत राहतो. महागड्या फोनवाल्यांनी, त्यातही ॲपलनं, खोका उघडण्याचा असा सोहळा करून ठेवला. आता दोन हजारांच्या आतल्या वस्तूसुद्धा त्याच थाटात येतात. लग्नात शेरवानी भाड्यानं मिळते, तसंच हे.

आत कागदाच्या पाळण्यात घड्याळ निजलेलं. काळी, गुळगुळीत, चौकोनी काच. काचेवर पातळ फिल्म होती आणि तिच्यावर घड्याळाचं चित्र छापलेलं होतं. म्हणजे घड्याळावर घड्याळाचंच चित्र! खाली चार्ज करण्याची छोटी वायर, घडी घातलेली पुस्तिका आणि कागदी पुडीत सिलिका जेल. ही पुडी खायची नसते, असं तिच्यावर इंग्रजीत लिहिलेलं असतं. ते वाचता न येणाऱ्यांनी काय करायचं, हे लिहिलेलं नसतं. सिलिका जेल म्हणजे वाळूच्याच जातकुळीतला पदार्थ. त्याला अतिशय बारीक छिद्रं असतात आणि ती हवेतली ओल शोषून घेतात. आमच्या मोंढ्यात हळदीची ओल पाहिल्याशिवाय सौदा पुढे सरकत नाही, त्यामुळे ओलीच्या या वैऱ्याबद्दल मला आपुलकी वाटली.

मग मी खोका वाचायला घेतला. हो, वाचायलाच. हिशेबनिसाची सवय आहे ती, कागद पुढे आला की तळापर्यंत वाचायचा. मागच्या बाजूला छापलं होतं : कमाल किरकोळ किंमत ७,९९९ रुपये, सर्व करांसहित. मुलीनं दिले होते १,७९९. आमच्या मालकांनी चष्मा वर करून दोन्ही आकडे पाहिले आणि म्हणाले, "मियाँ, असला सौदा मोंढ्यात केला तर शेतकरी दगड घेऊन येईल." या कमाल किंमतीबद्दल आपला एक गैरसमज असतो. ती सरकारनं ठरवलेली किंमत नव्हे. उत्पादकानं स्वतःच छापलेली ती कमाल मर्यादा असते. तिच्यापेक्षा एक रुपया जास्त घेतला तर गुन्हा. पण मुळात ती किती उंच छापावी, यावर बहुतेक वस्तूंच्या बाबतीत बंधन नाही. म्हणून आधी आभाळाएवढी किंमत छापायची आणि नंतर 'सत्याहत्तर टक्के सूट' म्हणून आपल्याच दानशूरपणाची जाहिरात करायची.

खोक्यावर आणखीही मजकूर असतो आणि तो उपयोगाचा असतो. बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना आणि वर्ष, तक्रारीसाठी फोन नंबर, ही माहिती वजनमापांच्या २०११ च्या नियमांनुसार द्यावीच लागते. भारतीय मानक ब्यूरोची खूण असते आणि तिच्यासोबत 'आर' अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक. फुली मारलेल्या कचरापेटीचं चित्र असतं. त्याचा अर्थ, ही वस्तू बिघडली तर घंटागाडीत टाकू नका, इलेक्ट्रॉनिक कचरा गोळा करणाऱ्याकडे द्या. तो गोळा करणारा आमच्या गल्लीत कधी येणार, हे चित्रात दिसत नाही. पुढच्या बाजूला मात्र मोठ्ठं लाल हृदय, त्याखाली पावलं, झोप, रक्तातला ऑक्सिजन आणि रक्तदाब अशी रंगीत चित्रांची रांग. ही रांग ध्यानात ठेवा, मी तिच्याकडे पुन्हा येणार आहे.

घड्याळ मनगटावर बांधलं आणि सवयीनं कानाला लावलं. काहीच ऐकू आलं नाही.

माझ्या वडिलांचं घड्याळ होतं एचएमटीचं, 'जनता'. अब्बा कोर्टात बेलीफ होते, वेळेला फार जपायचे. रोज सकाळी आकाशवाणीवर बातम्यांच्या आधीचे 'पीप पीप' वाजले की काटे जुळवायचे आणि चावी द्यायची, हा त्यांचा नेम होता. बंगळूरला १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्यानं एचएमटीचा घड्याळांचा कारखाना सुरू झाला. त्यानंतर दोन-तीन पिढ्यांच्या लग्नात, नोकरीत आणि निवृत्तीत हेच घड्याळ आहेर म्हणून हातावर आलं. त्यांच्या जाहिरातीत 'देश की धडकन' असे शब्द असत. 'जनता'मध्ये चावीच्या स्प्रिंगवर चालणारं एक इवलंसं चक्र मागेपुढे झुलतं आणि सेकंदाला पाच ठोके देतं. तोच तो टिकटिक आवाज. २०१६ मध्ये सरकारनं हा घड्याळांचा धंदा बंद करायला मंजुरी दिली. अब्बांचं 'जनता' अजून माझ्याकडे आहे आणि चावी दिली की चालतं.

नव्या घड्याळातही ठोके आहेत, फक्त ते आपल्या कानापलीकडचे. गारगोटीच्या कुळातला क्वार्ट्‌झचा एक कण विजेच्या स्पर्शानं सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा वेडावाकडा दिसतो, पण तो सलग पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, म्हणजे सेकंदाला एक ठोका. १९६९ च्या नाताळात जपानच्या सेइकोनं असं पहिलं मनगटी घड्याळ विकायला काढलं, आणि चावीच्या घड्याळांचं राज्य तिथून ओसरायला लागलं. म्हणजे वेळ दाखवण्याचं कोडं पन्नास वर्षांपूर्वीच सुटलं होतं. नव्या घड्याळाला वेळेत फारसा रस नाही. त्याला रस आहे आपल्यात.

याचा प्रत्यय लगेच आला. घड्याळ सुरू होण्याआधी फोनमध्ये त्याचं ॲप घ्यावं लागलं. ॲपनं विचारलं : नाव काय, जन्मतारीख काय, उंची, वजन? मग म्हणालं, तुम्ही कुठे आहात ते मला कळू द्या. फोनबुक पाहू द्या. मेसेज वाचू द्या. कोर्टाचा बेलीफसुद्धा घरात शिरण्याआधी कागद दाखवायचा! फोन आल्यावर मनगटावर नाव दिसावं, यासाठी फोनबुक लागतं हे खरं. पण प्रत्येक परवानगी निमूट देण्याची गरज नसते. मी ठिकाण आणि फोटो यांना नकार दिला, तरी घड्याळ चाललं.

आता त्या हिरव्या दिव्याकडे येतो. घड्याळ हातातून काढलं की मागच्या बाजूला हिरवा प्रकाश लुकलुकताना दिसतो. माझ्या पुतण्याला वाटलं, चार्जिंगचा दिवा असेल. तो आहे नाडी पाहण्याचा. रक्त लाल दिसतं, कारण ते लाल प्रकाश परत फेकतं आणि हिरवा शोषून घेतं. हृदयानं एक ठोका दिला की मनगटाच्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्ताची लाट येते. तेवढ्या क्षणाला हिरवा प्रकाश जास्त शोषला जातो आणि परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो. लाट ओसरली की पुन्हा वाढतो. दिव्याशेजारी एक प्रकाश जोखणारा डोळा असतो. तो हा चढउतार टिपतो. मिनिटात किती चढउतार झाले, ते मोजले की झाली नाडी. हकीमसाहेब तीन बोटांनी करायचे तेच हे काम, फक्त बोटांऐवजी उजेड.

ऑक्सिजनसाठी लाल आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त असे दोन प्रकाश वापरतात. ऑक्सिजन घेतलेलं रक्त आणि न घेतलेलं रक्त या दोन प्रकाशांना वेगवेगळा प्रतिसाद देतं. ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांना १९७० च्या दशकात सुचली. करोनाच्या काळात आपण घरोघरी बोटाला चिमटा लावत होतो, तो त्यांच्याच डोक्यातून निघालेला. ते वारले एप्रिल २०२० मध्ये, जग त्यांच्या यंत्रावर आकडे पाहत बसलं होतं तेव्हा. या उजेडाच्या खेळाला एक मर्यादा आहे. त्वचेचा रंग, गोंदण, घाम, मळ, पट्टा सैल असणं, हात हलणं, या साऱ्यांनी प्रकाश चळतो. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं की बोटाचा चिमटा काळ्या रुग्णांच्या रक्तातली ऑक्सिजनची घट गोऱ्यांच्या तुलनेत जवळजवळ तिप्पट वेळा चुकवतो. रुग्णालयातल्या यंत्राची ही कथा, मग पावणेदोन हजारांच्या घड्याळानं कशाची हमी द्यावी? आमच्याकडे हंगामात हळदीची पूड सगळीकडे बसते. चार दिवसांत माझा करडा पट्टा पिवळा झाला, आणि मागची काच पुसली नाही की नाडी एकदम चाळीसवर येई. पुसली की पुन्हा ७६.

पावलं मोजतो तो वेगळाच भाग, हालचाल ओळखणारा. त्याची मला फार गंमत वाटली. हात ठरावीक तालात हलला की घड्याळ म्हणतं, पाऊल पडलं. वसमत ते औंढा एसटीत बसून गेलो तर बसल्या जागी काहीशे पावलं जमा. एका संध्याकाळी मित्रांच्या बैठकीत मी गझल म्हटली. गझल म्हणताना आमचा हात स्वस्थ बसत नाही. पाच शेरांत एकशे दहा पावलं! रोज दहा हजार पावलं चालायची हा जो दंडक आहे, तो कुठल्या वैद्यकातून आलेला नाही. टोकियोच्या ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये जपानात पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं आणि त्याचं नावच 'दहा हजार पावलांचं मीटर' अशा अर्थाचं होतं. विक्रीचं नाव जगाचं पथ्य होऊन बसलं. चालणं चांगलंच आहे. पण साडेनऊ हजारांवर थांबलात तर अपराध्यासारखं वाटून घेऊ नका.

खोक्यावर 'आयपी ६८' असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा धुळीचा, सहा म्हणजे धूळ आत शिरणार नाही. दुसरा पाण्याचा, आठ म्हणजे उत्पादक सांगेल तितक्या खोलीत, तितका वेळ पाण्यात राहिलं तरी चालेल. हे पाणी स्वच्छ आणि थंड धरलेलं असतं. साबण आणि कढत पाणी त्यात नाही. मी त्याला वुझूच्या पाण्यापासूनही लांबच ठेवलं, कारण वुझूत पाणी कातडीपर्यंत पोचावं लागतं. त्यामुळे दिवसातून पाच वेळा घड्याळ हातातून उतरतं आणि त्याच्या नोंदवहीत रोज पाच भोकं पडतात. पहाटे फजरला उठून पुन्हा तासभर आडवा झालो की ते सकाळी बजावतं, तुमची झोप असमाधानकारक आहे. पन्नास वर्षं मी याच झोपेवर जगतोय. एकदा शेजारी मयत झाली होती. बैठकीत सगळे गप्प बसलेले, आणि मनगटावर थरथर झाली : फार वेळ बसलात, उठा, हालचाल करा!

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. पण एका गोष्टीनं मी खरोखर खट्टू झालो. मुलगी मला नेहमी मराठीत मेसेज पाठवते. तो पहिल्यांदा मनगटावर आला तेव्हा काचेवर नुसते रिकामे चौकोन उमटले. एकामागून एक, ओळीनं. वाटलं, घड्याळ बिघडलं. तसं नव्हतं. या घड्याळाला मराठी येतच नव्हती.

त्याचं असं आहे. संगणकाच्या जगात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो. देवनागरीला तो १९९१ पासून, म्हणजे युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासूनच मिळालेला आहे. पण क्रमांक कळून भागत नाही. त्या क्रमांकाचं चित्र, म्हणजे फाँट, यंत्रात साठवलेला असावा लागतो. नसला की यंत्र चौकोन काढतं. छपाईच्या धंद्यातले लोक या चौकोनांना 'टोफू' म्हणतात, सोयाबीनच्या पनीरच्या तुकड्यांसारखे दिसतात म्हणून. गुगलनं जगातल्या सगळ्या लिप्यांसाठी फाँट काढले, त्यांना 'नोटो' हे नाव दिलं ते 'नो टोफू' यावरूनच. देवनागरीचं तर आणखी एक कसब आहे. 'कि' मधली वेलांटी उच्चारात नंतर येते, पण लिहिताना आधी काढावी लागते. क आणि ष एकत्र आले की 'क्ष' असं तिसरंच रूप होतं. हे जुळवण्यासाठी यंत्रात वेगळी अक्कल घालावी लागते. स्वस्त घड्याळातली जागा थोडी, म्हणून उत्पादक जी लिपी टाळता येईल ती टाळतो. पुस्तिका पाहिली, तीत सात भाषा होत्या. मराठी नव्हती.

आमच्या हिंगोली जिल्ह्यात नर्सी हे नामदेवांचं गाव आहे. त्यांची एकसष्ट पदं शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत, गुरुमुखी लिपीत. सातशे वर्षांपूर्वीच्या आमच्या जिल्ह्यातल्या माणसाचे शब्द पंजाबनं आपल्या अक्षरांत जिवापाड जपले. आणि इथे माझ्या लेकीनं लिहिलेलं 'अब्बू, जेवलात का' एवढंसुद्धा मनगटावर उमटेना. सगळी घड्याळं अशी नसतात. काहींत हिंदीसाठी देवनागरी असते आणि तिच्यावर मराठीचं काम भागतं. म्हणून विकत घेताना दुकानदाराला नाडी-ऑक्सिजनच्या आधी हे विचारा : मराठी मेसेज दाखवून दाखव. नाही म्हणाला तर त्याला सांगा, उत्पादकाला कळव. गिऱ्हाइकानं मागितल्याशिवाय बाजारात काही येत नाही, हे मोंढ्यातला माणूस तुम्हाला सांगतो आहे.

आता त्या रंगीत चित्रांच्या रांगेकडे.

बकरी ईदला माझी थोरली बहीण कळमनुरीहून आली. आपा पासष्टीच्या आहेत. रक्तदाबाची गोळी त्या कित्येक वर्षं रोज घेतात आणि रोज तिच्यावर कुरकुरतात. जेवणानंतर मी हौसेनं त्यांच्या मनगटावर घड्याळ बांधलं. अर्ध्या मिनिटात आकडा आला, १२१/७९. मी म्हटलं, "बघा आपा, जवानांसारखा आहे." त्या खूश झाल्या. संध्याकाळी पुन्हा बघितलं, ११९/७८. जाताना त्यांनी घड्याळ मागून घेतलं आणि मीही दिलं. थोरल्या बहिणीला नाही कसं म्हणायचं?

सव्वा महिन्यानं भाच्याचा फोन आला. आपांना सकाळी चक्कर आली, भिंतीला धरून बसल्या. दवाखान्यात दंडाला पट्टा बांधून पाहिलं तर १७८/१०४. डॉक्टरांनी विचारलं, गोळी चालू आहे ना? आपा म्हणाल्या, घड्याळात रोज ठीक येतं, मग गोळी कशाला? ईदच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ती बंद केली होती. मी पोचलो तेव्हा त्या खाटेवर होत्या आणि घड्याळ अजून हातात होतं. मी गुपचूप बटण दाबलं. त्यानं सांगितलं, १२२/८०.

आपा वाचल्या, बऱ्या झाल्या. पण ते घड्याळ घरी आणल्यावर मला चैन पडेना. ओट्यावर केळी होती. मी घड्याळ एका केळ्याला बांधलं. हिरवा दिवा लुकलुकला, चक्र फिरलं, आणि केळ्याचा रक्तदाब आला ११८/७६. नाडी ७४. माझ्या घरातली सगळ्यात निरोगी व्यक्ती ते केळं होतं.

हे कसं होतं, ते नीट समजून घेण्यासारखं आहे. रक्तदाब म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीवर रक्ताचा पडणारा जोर. जोर मोजायचा तर समोरून जोर लावावा लागतो. दंडावरचा पट्टा फुगतो, धमनी दाबून रक्त अडवतो आणि मग हळूहळू सैल होतो. रक्त पुन्हा कोणत्या दाबाला वाहू लागतं आणि कोणत्या दाबाला मोकळं होतं, हे त्यात कळतं. इटलीच्या रिवा-रोच्ची यांनी १८९६ मध्ये हा पट्टा आणला, आणि १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी त्याखालचे आवाज नळीनं ऐकायची रीत दिली. मूळ तत्त्व आजही तेच आहे. घड्याळातला उजेड काहीच दाबत नाही. तो फक्त लाटेचा आकार पाहतो आणि अंदाज बांधतो. काही महाग घड्याळांच्या पट्ट्यातच फुगणारी पिशवी असते, काहींना दर चार आठवड्यांनी खऱ्या यंत्राशी जुळवून घ्यावं लागतं. माझ्या घड्याळात यातलं काही नव्हतं. पण पहिल्याच दिवशी त्यानं माझं वय आणि वजन विचारून ठेवलं होतं. त्या वयाच्या माणसाला सांगण्याजोगा एखादा बरा आकडा काढायला रक्त लागत नाही.

साखरेचंही तेच. सुई न टोचता रक्तातली साखर सांगणारी घड्याळं विकली जातात. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं लोकांना बजावून सांगितलं की त्वचेला छेद न देता स्वतः साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आम्ही मान्यता दिलेली नाही. इन्सुलिनचा डोस अशा आकड्यावर ठरवला तर तासाभरात जिवावर बेतू शकतं. दंडाला चिकटवायचा, बारीक तार त्वचेत जाणारा सेन्सर असतो, तो वेगळा. त्याचा आकडा घड्याळावर दिसू शकतो, पण मोजणारं घड्याळ नसतं.

मी पुन्हा खोका काढला. पहिल्या दिवशी सगळा वाचला, असं मला वाटलं होतं. भिंग घेऊन बसलो. तळाला, बारकोडच्या खाली, राखाडी शाईत, मोहरीएवढ्या अक्षरांत इंग्रजीत एक ओळ सापडली : हे वैद्यकीय उपकरण नाही. हृदय पुढच्या बाजूला, टाळीएवढं, लाल रंगात. आणि खरी गोष्ट तळाला. आपांना इंग्रजी येत नाही. मला येतं, मी बीए आहे. मीच वाचलं नव्हतं.

याच सुमारास औंढ्याला जाणं झालं. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिथेही उजेडानंच मोजणार आहेत. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी नळ्या आणि त्यात लेसरचा झोत. अवकाशात दूरवर कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशाला जी लहर येते, तिनं नळीची लांबी प्रोटॉनच्या रुंदीच्या हजाराव्या हिश्शापेक्षाही कमी बदलते. तेवढा बदल टिपायचा! आणि खाली रस्त्यावरून ट्रक गेला तरी जमीन त्याच्या कितीतरी पट हलते. मग खरी लहर कोणती आणि ट्रक कोणता, हे ओळखायचं कसं? १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेत पहिली लहर सापडली, तेव्हा तिथे अशी दोन यंत्रं होती, एकमेकांपासून तीन हजार किलोमीटरवर. दोन्हींत तोच आकार, सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी अंतरानं उमटला. तरीही शास्त्रज्ञांनी पाच महिने तपासलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये जाहीर केलं. हजारो कोटींच्या यंत्राची अशी शिस्त की एका यंत्राच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही. आणि मी पावणेदोन हजारांच्या एकाच आकड्यावर बहिणीला 'जवान' ठरवून बसलो होतो.

घड्याळावर माझा सरसकट राग नाही. नाडीचा अंदाज ते बऱ्यापैकी देतं. अमेरिकेत चार लाखांहून अधिक लोकांवर एका घड्याळाचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. हृदयाचे ठोके अनियमित असल्याची सूचना ज्यांना मिळाली, असे थोडेच निघाले, आणि त्यांच्यातल्या काहींना पुढच्या तपासणीत खरोखरच विकार सापडला. म्हणजे घड्याळ 'काहीतरी गडबड आहे' म्हणालं तर डॉक्टरांकडे जावं. 'सगळं ठीक आहे' म्हणालं तर गोळी चालूच ठेवावी.

आपांसाठी मी दंडाला बांधायचं यंत्र घेतलं. त्याचा खोका साधा पुठ्ठ्याचा, झाकण उघडताना उसासा-बिसासा काही नाही. महिन्यातून एकदा ते दवाखान्यात नेऊन तिथल्या यंत्राशी ताडून पाहतो. भाचा रोजचा आकडा वहीत मराठीत लिहितो, आपा तो चष्मा लावून स्वतः वाचतात आणि मला फोनवर सांगतात. काल १३६/८४ होता.

घड्याळ माझ्याच हातात आहे. रक्तदाबाचं पान मी त्याच्यातून काढून टाकलं. मुलगी म्हणाली, "अब्बू, मी इंग्रजी अक्षरांत मेसेज पाठवत जाते, म्हणजे तुम्हाला मनगटावर वाचता येईल." मी म्हटलं, नक्को. तू मराठीतच पाठव. काचेवर चौकोनांची रांग आली की मला कळतं, लेकीचा मेसेज आहे. मग मी कलम खाली ठेवतो आणि खिशातून फोन काढतो.